मान खाली घालून पाहिलेलं लग्न

या, असे जवळ या बरं. दारातूनच काय विचारता? सारं जिंतूर दारातूनच विचारतं, ‘मावशी, तुम्ही नुसतं फोनला सांगता अन् फोटो तयार होतो म्हणं?’ त्या ‘नुसतं’चा मला लय राग येतो. नुसतं पीठ थापलं की भाकर फुगते का? वर्षभर ह्या गल्लीत फिरकायचं नाही, अन् दिवाळी अंक काढायचा म्हटलं की ‘मावशी, तुमच्या धंद्याचं काही लिहा’! लिहिते. पण आधी बसा. चपला तिकडं काढा, ह्या चिंध्यांवर पाय देऊ नका, त्यात टाचण्या असतात.

तर मी मूळची शिवणकामवाली. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवण्यात माझं आयुष्य गेलं. शाळा म्हणाल तर सातवी. पुढं गुडघ्यांनी पायडल मारायला साफ नकार दिला. फोटोचं हे काम मला कुणी शिकवलं नाही. झालं असं की बायका फोनवर ब्लाउजचे फोटो दाखवायच्या अन् म्हणायच्या, ‘असाच शिवा, पण असा नाही, जरा वेगळा.’ आता ‘जरा वेगळा’ हे काय माप आहे? फोनमधे चित्र करून देणारं मशीन आलं, तेव्हा मी त्याला सांगून बघितलं. पाठ अशी, गळा असा, कापड खणाचं, काठ एवढा. चित्र आलं. गिऱ्हाईक बघून म्हणालं, ‘हाच! हाच पाहिजे!’ शिवायच्या आधीच ब्लाउज दिसायला लागला, माझी उसवायची कटकट गेली.

शेजारी रफिकभाईंचं बॅनर छापायचं दुकान. ते म्हणाले, ‘आपा, कपड्याचं येतं तर माणसाचं बी येईल की.’ तेव्हापासून त्यांच्याकडच्या जाहिरातींचे फोटो मी लिहिते. हो, लिहिते. शिकलेली माणसं त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मी त्याला माप लिहिणं म्हणते.

आता माप कसं लिहायचं ते ऐका, चोरून नेलं तरी चालेल. आधी उजेड लिहायचा. सकाळचा की दुपारचा, खिडकीतून आलेला की उघड्यावरचा, कोणत्या अंगानं पडलेला. नवशिकी माणसं उजेड लिहीतच नाहीत, मग मशीन आपल्या मनानं मावळतीचं सोनेरी ऊन टाकतं अन् सारा गाव सोनाराच्या दुकानासारखा चमकतो. मग कापड. सुती म्हटलं तर चुण्या कुठं पडल्यात ते बी सांगायचं. मग कातडी. मशीनला माणसाची कातडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आवडते, म्हणून घाम, धूळ, नखातली माती, कोपराचा काळेपणा हे सारं आठवून लिहावं लागतं. अन् बघणारा कुठं उभा आहे, तेही. उभ्या माणसाला जे दिसतं ते बसलेल्याला दिसत नाही.

अन् एक मोठी गोष्ट. नको ते लिहायचं नाही. मी एकदा लिहिलं, ‘बाईच्या अंगावर दागिने नकोत.’ तर ही एवढी नथ, ठुशी, बाजूबंद! लेकराला ‘गुळाला हात लावू नको’ म्हटलं की त्याला गूळच दिसतो, तसं मशीनचं आहे. म्हणून लिहायचं, ‘गळा मोकळा, कान मोकळे, हात मोकळे.’

चुका झाल्या, नाही असं नाही. एका बियाण्याच्या दुकानदाराला कापूस वेचणारी बाई पाहिजे होती. मी लिहिलं ‘कापसाचं शेत’. मशीननं कापूस शेवग्याच्या शेंगांसारखा लोंबता दाखवला अन् बाईला घागरा घातला. रफिकभाई हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. ‘आपा, ये तो राजस्थान का शेवगा है!’ मग मी माहेरच्या शेतात जाऊन बसले. बोंड फुटल्यावर त्याची टरफलं कशी टोचतात, वेचणारणीची बोटं कशी चिरतात, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरल्यावर ती कशी वाकून चालते, सारं बघून आले अन् लिहिलं. तो बॅनर अजून मोंढ्यात, धान्याच्या बाजारात आहे. उन्हानं विटला, पण वेचणारीचा हात बघा, खरा वाटतो.

काही कामं मी घेत नाही. राणीसावरगावहून एक जण आला. त्याच्या भावाच्या स्थळासाठी पाठवायच्या फोटोत मागं दुमजली घर पाहिजे होतं. म्हटलं, ‘बाबा, पोरगी नांदायला फोटोत येणार आहे का?’ रागावून गेला. जाऊ दे. बॅनरवरच्या बाईला घर, शेत, काय पाहिजे ते द्या, ती कुणाच्या घरात राहत नाही. पण खऱ्या माणसाच्या बाबतीत जपावं लागतं. अन् आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात रफिकभाई ‘संगणकावर केलेलं चित्र’ असं छापतात. तो आमचा कायदा.

हे सारं मला येतं, असं मला वाटत होतं. मग किसनदादा आले.

किसनदादा अन् त्यांची बायको गयाअक्का. जिंतूरपासून थोड्या अंतरावरच्या गावचे, थोडं शेत, पोरं शहरात. दादांना काचबिंदू. परभणीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर येत नाही, उरलेली बी हळूहळू जाईल. पाइपातून बघावं तसं तेवढंच मधलं त्यांना दिसायचं. अक्का त्यांचा हात धरून दुकानाची पायरी चढवत होत्या अन् ते म्हणत होते, ‘सोड गं, मला दिसायलंय.’ तेवढ्यात कपाटाला थडकले. अक्का म्हणाल्या, ‘दिसायलंय ना? मंग त्या कपाटाला नमस्कार करून या.’

बसल्यावर दादा म्हणाले, ‘ताई, आमच्या लग्नाचा फोटो पाहिजे.’

‘आणलाय का? जुना असेल तर साफ करून देऊ.’

‘न्हाईच. तवा फोटोवाला कुठला! लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव, चार माणसं. तुमी नसलेला फोटो करता म्हणं. डोळे हायेत तवर एकदा हिला नवरी म्हणून बघून घ्यावं म्हणलं.’

अक्का खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. ‘म्हातारपणी ह्यांला नवरी पाहिजे,’ एवढंच म्हणाल्या, पण गालात हसल्या.

मला काय, उत्साह आला. लग्न बौद्ध पद्धतीचं होतं. दोघं पांढऱ्या कपड्यात, टेबलावर निळं कापड, त्यावर दोन तसबिरी, उदबत्त्या. मी लिहिलं, ‘पांढऱ्या कपड्यातली तरुण नवरी.’ मशीननं अक्काला घोळदार झगा घातला, डोक्यावरून जाळी सोडली, हातात फुलांचा गुच्छ दिला अन् मागं चर्च उभं केलं. अक्का बघतच राहिल्या. ‘ही कोण मडम?’ रफिकभाई म्हणाले, ‘अक्का, तुमीच!’ दादा विचारायला लागले, ‘काय आलंय? काय आलंय?’ तर अक्का म्हणतात, ‘काही न्हाई, तुमचं गोव्यात लग्न लागलंय.’

मग मी नीट बसून माप लिहिलं. जाडी सुती सहावारी, निळा काठ, धुऊन धुऊन मऊ पडलेली. अंगाची ठेवण, रंग, केसांचा घट्ट अंबाडा. चेहऱ्यासाठी अक्काचा आताचा फोटो मशीनला दिला अन् सांगितलं की ह्याच बाईला विशीच्या आतलं कर. आला की फोटो! चेहरा असा गोड, डोळे असे पाणीदार की मी स्वतःवरच खूश झाले. दादांनी फोन डोळ्याजवळ नेला, इकडं तिकडं हलवला अन् त्यांचा आवाज बारीक झाला. ‘हीच. हीच हाय. ताई, हीच.’

अक्का परत पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मला वाटलं, लाजल्या. रफिकभाईंनी मोठा छापून आठवड्यानं द्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी अक्का एकट्याच पायरीवर बसलेल्या. एवढ्या लांबून, एकट्या.

‘ताई, ती छापू नका.’

‘कामून वो? दादांना आवडली की.’

‘आवडली ना, तेच तर. ती मी न्हाई. माझ्या मामाची पोरगी शोभंल. माझे दात पुढं होते, कपाळ बारकं होतं. ही लय देखणी हाय. ह्यांला निराळं कळत न्हाई, नजर राह्यली कुठं? तुमी जे द्याल तेच डोळ्यात ऱ्हाईल. ताई, उद्या अंधार झाला की ते तिलाच बघत बसतील. म्या जन्मभर नांदले, अन् जाता जाता डोळ्यात दुसरी बाई घेऊन जायालेत ते.’

त्या रडल्या नाहीत. पायरीवर बोटानं रेघ ओढत होत्या. माझ्याच डोळ्यात पाणी आलं. दादांना म्हणावं तर काय म्हणावं? तुम्हाला ओळखू आली नाही म्हणावं? रफिकभाई आले, त्यांना सांगितलं, तर ते बी पायरीवर बसले. मग म्हणाले, ‘आपा, दुसरा चेहरा कर. अक्काला पसंत पडेपर्यंत कर.’

केले. दात पुढं घेतले, कपाळ बारीक केलं. प्रत्येक वेळी अक्का बघायच्या अन् हळूच मान हलवायच्या. एकदा तर म्हणाल्या, ‘ही आमच्या नणंदंसारखी दिसायली, ही तर लगेच मोडा!’ हसलो, पण मला कळून चुकलं. शब्दांनी बाई होते, पण आपली बाई होत नाही. चेहरा म्हणजे काही माप नव्हे. शिवणकामात बी तेच, अंगावर घालून बघितल्याशिवाय बाही कळत नाही. इथं अंगच उरलं नव्हतं, कुणाच्या अंगावर घालून बघू?

आठवडा झाला. दोघं आले. दादा नवी टोपी घालून आले होते. मी चहा मागवला अन् म्हटलं, ‘दादा, मला अजून माप पुरं मिळालं नाही. तुम्ही सांगा. लग्नात तुम्ही अक्काला कशी बघितली? बघितलं तेवढंच सांगा, मनानं घालू नका.’

दादा हसले. ‘बघितलं कुठं? सगळे वडीलधारे समोर. म्या मान वर केलीच न्हाई.’

‘हार घालताना?’

‘डोळे मिटले.’

अक्का फिस्सकन हसल्या. ‘हार माह्या एका कानाला अडकला होता. समदा मांडव हसायला! मामीनं येऊन सोडवला.’

‘मंग वंदना चालू होती तवा?’ मी विचारलं. ‘बराच वेळ उभे असाल की शेजारी शेजारी.’

‘तवा हात जोडलेले, मान खाली.’ दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘हिचे पाय दिसत होते.’

‘पाय कसे होते?’

‘बारके. धुळीचे. साडी आखूड होती. अन् डाव्या पायावर भाजल्याचा डाग होता.’

अक्काचा चहाचा कप बशीवर वाजला. त्यांनी दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘तुमाला कुठं दिसला तो? म्या झाकला होता!’

‘झाकायली होतीस, पण झाकंना ना. साडी ओढायली होतीस पायानं, तेच तर बघत होतो.’

अक्का मला सांगायला लागल्या, पण बोलत होत्या दादांशीच. माहेर पाथरीकडचं. लहानपणी गुऱ्हाळावर काकवी सांडून पाय भाजला होता. आईनं लग्नाच्या सकाळी बजावलं होतं की डाग दिसू देऊ नको, सासरची माणसं बोलतील. पण साडी मामीची उसनी, तोकडी. साऱ्या वंदनेत त्या दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं काठ खाली ओढत राहिल्या. पुढं कधीतरी दादांनी डाग बघितला, तेव्हा अक्कांनी सांगितलं की सासरी आल्यावर चुलीजवळ भाजलं. दादांनी मान डोलावली होती.

‘मंग म्या खोटं बोलले तवा बोलला कामून न्हाई?’

‘त्यात काय बोलायचं? भाजलं होतं, बरं झालं होतं.’

रफिकभाईंनी उगाच एक बॅनर उलगडला अन् परत गुंडाळला.

मी पेन काढलं. म्हटलं, दादा, आपण नवरीचा चेहरा करायचाच नाही. तुम्ही जे बघितलं ते करू. तुमच्या नजरेतून, मान खाली घालून. दादांनी विचार केला. ‘पण चेहरा?’ तर अक्का म्हणाल्या, ‘चेहऱ्याला काय झालं? हितं हाय की. अजून थोडं दिसायलंय तर बघा.’

मग माप लिहिलं ते असं. उभा माणूस खाली बघतोय, तेवढंच दिसतंय. सडा टाकून वाळत आलेली जमीन, कडेला भेगाळलेली. वैशाखाची दुपार व्हायच्या आधीचं ऊन, लिंबाच्या पानांतून गळून जमिनीवर ठिपके ठिपके पडलेलं. तरुण बाईचे अनवाणी पाय, टाचेला धूळ, नखं वेडीवाकडी कापलेली, बोटं मोकळी. निळ्या काठाची पांढरी सुती साडी घोट्याच्या वर. डाव्या पायावर बोटांपासून घोट्याकडं गेलेला जुना डाग, आसपासच्या कातडीपेक्षा उजळ, गुळगुळीत, कडेनं जरा आवळलेला. उजव्या पायाचा अंगठा साडीच्या काठावर, काठ खाली ओढलेला, तिथं कापडाला ताण.

डागानं लय छळलं. आधी ताजी जखम आली, लाल. मग मेंदी आली, वेलबुट्टीची. मग एकदा सहावं बोट आलं, त्यावर अक्कांनी ‘ऱ्हाऊ द्या, नशीबवान दिसंल’ म्हणून चेष्टा केली. शेवटी मी ‘डाग’ हा शब्दच काढला अन् लिहिलं, ‘दुधावर साय धरते तशी कातडी.’ तेव्हा बरोबर आलं. शेजारी नवऱ्याचे पाय पाहिजेत म्हणून ‘तरुण शेतकऱ्याचे अनवाणी पाय’ असं टाकून दिलं होतं, तेही आले.

अक्कांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघितला. डागावर बोट ठेवलं, तर फोटो मोठा झाला, त्या दचकल्या. ‘हे माझे,’ म्हणाल्या. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू. मग त्यांनी बोट बाजूला नेलं. ‘पण हे ह्यांचे न्हाईत.’

‘माझ्या पायांना काय बघायचं?’ दादा म्हणाले.

‘गप बसा. ताई, लिहा. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. चुलत्याचे बूट घालून आले होते, चावले असतील. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. घोट्याला चिखल सुकलेला, वरात नाल्यातून आली होती. अन् एक पाय हळूहळू हलवायलेते, मुंगी चढली होती.’

‘तुला मुंगी बी दिसली?’ दादा.

‘मंग म्या काय आभाळाकडं बघायलेते का?’

मी लिहीत होते अन् मला पुढचं अक्षर दिसत नव्हतं. मुंगी बी लिहिली. मशीननं मुंगी मात्र डोंगळ्याएवढी केली, ती पुढं लहान करून घेतली.

रफिकभाईंनी तो फोटो जाड कागदावर छापला, पैशाचा विषय काढू दिला नाही. कोपऱ्यात आमचं ते वाक्यही छापलं. अन् तो पहिला, देखण्या चेहऱ्याचा फोटो मी अक्कांच्या समोर फोनमधून काढून टाकला. मला त्या चेहऱ्याची हळहळ वाटली, खोटं का सांगू? कारागिराला आपली चांगली वस्तू उसवताना हात जड होतोच.

दादांनी छापलेला कागद डोळ्याजवळ धरला. त्यांना एकदम सारं दिसत नव्हतं, म्हणून कागद हळूहळू सरकवत गेले. आधी स्वतःचा अंगठा, मग मुंगी, मग ऊन, मग काठ, मग डाग. डागापाशी कागद थांबला. तिथून त्यांनी तो पुढं सरकवलाच नाही. अक्का शेजारी उभ्या होत्या. ह्या खेपेला पदराला हात लावला नाही त्यांनी.

परवा अक्कांचा फोन आला. आता दादांना फक्त उजेड अन् अंधार कळतो. मी घाबरत घाबरत विचारलं, ‘फोटोचं काय?’ म्हणाल्या, ‘उशाला हाय. रोज हातानं चाचपत्यात. काल इचारलं, काय दिसायलंय हो? तर म्हणले, तू साडी ओढायलीस.’

मशीननं केलेल्या फोटोत काही हलत नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण अक्कांना ते सांगायचं काम माझं नाही.

अक्कांनी मला जेवायला बोलावलंय. म्हणतात, कुणी आलं की दादांना बोलायला बरं वाटतं, नवं माणूस असलं की लग्नाची गोष्ट पहिल्यापासून सांगता येते. तेव्हा तुमच्यापुढचा चहा तसाच राहिलाय, तो प्या अन् दिवाळी झाली की लगेच या. पुढच्या वर्षावर टाकू नका. माझ्या गुडघ्यांना बसची पायरी चढायला कुणाचा तरी हात लागतोच. दोघं मिळून जाऊ.